पानाखालची पिल्लं ओळखायला शिका

संकेश्वरी मिरचीचं पान आकसलं, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या किंवा टोमॅटोचा शेंडा करपला, की आपल्या भागात माणूस गाडीला किक मारून थेट औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "काय पडलंय?" उत्तर ठरलेलं, "व्हायरस." मग व्हायरसवरचं म्हणून एक बाटली हातात येते. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध शेतकऱ्याच्या हातात आजतरी नाही. हाताशी आहे ती विषाणू आणणारी कीड, आणि ती नेमकी कोणती हे पान उलटल्याशिवाय कळत नाही.

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे पहिल्यांदाच माळवं करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोकरी सोडून घरच्या रानात आलेले असोत, की कुणाचं चार-आठ गुंठे खंडानं घेतलेले. उडणारी माशी ओळखायला सगळेच शिकतात. मी सांगतोय ते पिल्लं ओळखायचं.

पिल्लंच का? पंखवाली कीड आज तुमच्या रानात दिसली तरी ती काल शेजारच्या तंबाखूत असू शकते. पिल्लाला पंख नसतात. ते जिथं दिसलं तिथंच किंवा हातभर अंतरात जन्मलेलं असतं. म्हणजे पिल्लं सापडली तर किडीनं तुमच्या रानात बिऱ्हाड केलंय, आणि नुसती पंखवाली सापडली तर ती बाहेरून येतेय. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. फुलकिड्यांच्या बाबतीत तर आणखी पुढची गोष्ट आहे, ती खाली येईल.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळ दुरुस्तीवाले किंवा सोनार डोळ्याला लावतात तसलं चालतं. एक पांढरा जाड कागद किंवा पांढरी ताटली, खुणेसाठी रंगीत सुतळीचे तुकडे आणि मोबाइल. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. भिंग पानावर ठेवून वरून वाकून बघणारे बरेच असतात, त्यांना धूसर ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत रानात जा. पंखवाल्या किडी तेव्हा सुस्त असतात, पान उलटलं तरी लगेच उडत नाहीत. बांधाच्या कडेच्या ओळींपासून सुरुवात करा, कारण बाहेरून येणारी कीड आधी कडेला उतरते. मग नागमोडी चालत आत जा. एकरभर रानात वीसेक झाडं पाहिलीत तरी अंदाज येतो. प्रत्येक झाडाचं एक शेंड्याचं, एक मधलं आणि एक खालचं पान बघा. हे तिन्ही थर महत्त्वाचे आहेत. नवे लोक शेंडा बघून परत येतात, आणि पांढऱ्या माशीची मोठी पिल्लं मात्र मधल्या-खालच्या पानांवर बसलेली असतात.

पहिली पायरी: झटकल्यावर पडतं का?

आधी पान न तोडता हळूच उलटा आणि भिंगातून बघा. मग शेंडा किंवा फूल कागदावर धरून दोन-तीन टिचक्या मारा. या एका कृतीनं निम्मा निकाल लागतो.

कागदावर काहीच पडलं नाही, पण पानाखाली चपटे, फिकट, खवल्यासारखे ठिपके चिकटलेले आहेत, तर ती पांढऱ्या माशीची पिल्लं. कागदावर पिवळसर, बारीक, लांबट काहीतरी पडून सरसर पळायला लागलं, तर फुलकिड्याची. गोलसर, मऊ अंगाचं, संथ चालणारं आणि मागे दोन बारीक नळ्या असलेलं, तर माव्याचं. पाचरीच्या आकाराचं, हिरवट आणि खेकड्यासारखं तिरकं पळणारं, तर तुडतुड्याचं. एवढं पाठ झालं की पुढचा तपशील सोपा जातो.

पांढरी माशी

आपल्या भागात सर्वांत जास्त पिकांना हीच नडते. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या, टोमॅटो आणि मिरचीचा पर्णगुच्छ, सोयाबीन-मुगाचा पिवळा मोझॅक, निपाणीकडच्या तंबाखूचं पान मुरडणं, या सगळ्यांमागे बेमिसिया टॅबासी ही एकच जात आहे. विषाणू वेगवेगळे, वाहक एकच.

अंडं साधारण ०.२ मिलिमीटरचं, उभं. बारीक देठ पानात रुतवून ते घातलेलं असतं. सुरुवातीला फिकट, उबायच्या सुमारास तपकिरी होतं. कोवळ्या पानांखाली शोधा. त्यातून बाहेर पडणारं पहिलं पिल्लू पायांनी थोडं चालतं, जागा निवडतं, सोंड पानात खुपसतं आणि बसतं. त्यानंतर माशी होऊन उडेपर्यंत ते जागचं हलत नाही. म्हणूनच झटकल्यावर पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत ते लंबगोल, चपटं, हिरवट-पिवळं आणि इतकं पारदर्शक असतं की भिंगाशिवाय पानाचाच भाग वाटतं. पान उन्हाकडे तिरकं धरलं की कडा चमकते आणि पिल्लू उठून दिसतं.

शेवटच्या अवस्थेला आपण सोयीनं कोष म्हणतो. तो जरा फुगीर, पिवळसर आणि दोन लाल डोळ्यांचा असतो. लाल डोळे दिसले म्हणजे माशी दोन-चार दिवसांत बाहेर पडणार. उष्ण हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. त्यामुळे आज कोणती अवस्था जास्त दिसतेय यावरून पुढच्या आठवड्याचं चित्र सांगता येतं.

रिकामी टरफलंही वाचायला शिका. माशी बाहेर पडली की कोषावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर राहते. गोल भोक असेल तर त्यातून माशी आलेली नाही, आत वाढलेली बारीक परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. तिनं ते पिल्लू आतून खाऊन संपवलं. पिल्लं तपकिरी-काळी पडलेली असतील तर तीही बहुधा परजीवीनं भरलेली असतात. गोल भोकं आणि काळी पिल्लं मोठ्या संख्येनं दिसत असताना जहाल औषध मारणं म्हणजे आपल्या बाजूनं राबणाऱ्याला आपणच मारणं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधं वारंवार मारलेल्या रानात पांढरी माशी उलट वाढते, ती बऱ्याच अंशी यामुळेच.

रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू रस शोषतानाच विषाणू घेतं आणि माशी झाल्यावर तो घेऊनच उडतं. म्हणून हळद्या पडलेलं भेंडीचं झाड उपटून बांधावर फेकू नका. पानं वाळेपर्यंत लाल डोळ्यांचे कोष फुटत राहतात. सकाळच्या थंडाव्यात झाडावर प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड आवळा, मगच उपटा आणि रानाबाहेर खड्ड्यात पुरा.

फुलकिडे

इथं थोडं थांबून वाचा. टोमॅटोचा शेंडा तांबूस-तपकिरी पडून करपतो, खोडावर काळपट चट्टे येतात, फळावर गोल-गोल कडी उमटतात. भुईमुगाचा शेंडाही असाच मरतो. हे भुईमूग शेंडेमर विषाणूचं काम, आणि तो प्रामुख्यानं थ्रिप्स पाल्मी या फुलकिड्यामार्फत पसरतो.

या गटातल्या विषाणूंचा नियम असा: फुलकिड्यानं विषाणू उचलायचा तो पिल्लूपणीच, त्यातही अगदी कोवळ्या वयात. विषाणू मग त्याच्या अंगात वाढतो, कोषावस्थेतूनही टिकतो आणि पंख फुटल्यावर तो किडा मरेपर्यंत झाडाझाडाला देत राहतो. मोठेपणी पहिल्यांदा रोगट झाडावर बसलेला फुलकिडा मात्र वाहक होत नाही. आईकडून अंड्यातूनही विषाणू उतरत नाही. म्हणजे रोगाची साखळी फक्त तिथंच पुढे जाते, जिथं रोगट झाड आणि फुलकिड्याची पिल्लं एकाच जागी आहेत. ते झाड तुमचं जुनं टोमॅटो असेल, नाहीतर बांधावरचं तण. भिंग घेऊन ती जागा शोधणं हेच खरं काम.

पिल्लू अर्धा ते एक मिलिमीटर, दोन्ही टोकांना निमुळतं, फिकट पिवळं किंवा पांढरट, पंख अजिबात नाहीत. अंडी पानाच्या आत घातलेली असल्यानं ती शोधत बसू नका. पिल्लं शेंड्याच्या न उघडलेल्या पानांत, शिरांच्या कडेला आणि फुलांत लपतात. शेंडा बोटांनी उकलून बघा. दोन पिल्लू-अवस्था संपल्या की ती बहुतेक खाली उतरतात आणि मातीत किंवा पाचोळ्यात कोषात जातात. तेव्हा ती खात नाहीत आणि फवारा तिथवर पोचत नाही. फवारल्यावर तीन-चार दिवसांत "परत आले" असं वाटतं, ते पुष्कळदा मातीतून वर आलेलेच असतात. म्हणून फवारणीनंतर आठवड्यानं पुन्हा टिचकी मारून बघा. नुसते पंखवाले पडताहेत की पिल्लंही, यावरून औषध चाललं की नाही ते कळतं.

सूर्यफुलाला आणि भुईमुगाला आणखी एक विषाणू होतो, तंबाखू स्ट्रीक. तो फुलकिड्यांच्या अंगाला लागलेल्या परागकणांवरून पसरतो. गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस, हा विषाणू कसलंही लक्षण न दाखवता बाळगतं. बांधावरचं काँग्रेस फुलायच्या आधी उपटायचं ते या कारणानं.

मिरचीत गल्लत होते ती इथं

मिरचीचं पान मुरडण्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींना आपण बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणून मोकळे होतो. फुलकिड्यानं शोषलेलं पान कडा वर करून होडीसारखं वळतं. कोळ्यानं शोषलेलं पान कडा खाली करून पालथं होतं आणि देठ लांबतो. विषाणूनं मुरडलेल्या झाडाची वाढ खुंटते, शिरा जाड होतात, पानं बारीक राहून गुच्छ होतो, आणि तेव्हा पानाखाली एकही कीड नसू शकते, कारण माशी तिचं काम करून गेलेली असते.

मिरचीवरचा पिवळा कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. वीसपट भिंग असेल तर त्याची अंडी बघा, लंबगोल आणि वर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. एकदा पाहिलीत की विसरणार नाही. मिरचीत तो विषाणू पसरवत नाही, पण त्याचं औषध वेगळं असतं.

गोकाक, हुक्केरी, चिकोडीच्या दुकानांत बोलणं बहुधा कन्नडमध्ये होतं, त्यासाठी चार नावं लिहून ठेवा. पांढरी माशी म्हणजे बिळी नोण, मावा म्हणजे हेनू, तुडतुडा म्हणजे जिगी हुळू. फुलकिडा आणि कोळी दोघांनाही नुसी म्हणतात, एक थ्रिप्स नुसी आणि दुसरा मैट नुसी. तेव्हा नुसतं "नुसी पडलीय" म्हणालात तर चुकीची बाटली मिळू शकते. कुठली नुसी ते स्पष्ट सांगा, शक्यतो मोबाइलवरचा फोटो दाखवा.

मावा

मावा ओळखायला सोपा. मादी बहुतेक वेळा अंडी न घालता थेट पिल्लं देते, तीही नराशिवाय. त्यामुळे एका पानावर मोठी-लहान सगळी एकत्र दिसतात. पिल्लू म्हणजे आईचीच छोटी आवृत्ती, मागच्या दोन नळ्यांसकट. पिल्लाच्या खांद्यावर फुगीर गाठी दिसल्या तर त्याला पुढच्या कातीनंतर पंख फुटणार. गर्दी वाढली किंवा पान निब्बर झालं की अशी पिल्लं वाढतात. हा इशारा समजा, कारण लवकरच मावा उठून दुसऱ्या झाडांवर जाणार.

पानावर पांढरे, पोकळ, धुळीसारखे कण पडलेले दिसले की बरेच जण पांढरी माशी समजतात. ती माव्यानं टाकलेली कात. फुंकर मारा, कात उडते. माशीची पिल्लं चिकटलेलीच राहतात. चिकटा, काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग या खुणा दोन्ही किडींत दिसतात, त्यावरून निर्णय घेऊ नका.

माव्याच्या विषाणूंचं वागणं दोन तऱ्हांचं आहे. बटाट्याचा पान गुंडाळणारा विषाणू किंवा केळीचा पर्णगुच्छ उचलायला आणि द्यायला वेळ लागतो, पण तो अंगात टिकतो. तिथं झाडावरचा मावा हटवला तर फायदा होतो. काकडीचा मोझॅक, बटाट्याचा वाय विषाणू, पपईचा रिंगस्पॉट हे मात्र माव्याच्या सोंडेला काही सेकंदांत लागतात आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडात उतरतात. औषधानं मावा मरेपर्यंत विषाणू देऊन झालेला असतो.

पपई हे सगळ्यांत बोलकं उदाहरण. रिंगस्पॉटनं बाग पिवळी पडलेली असते आणि पानाखाली माव्याचं एक पिल्लू सापडत नाही. पपईवर मावा सहसा बिऱ्हाड करत नाही. शेजारच्या चवळीतून, भेंडीतून, काकडीतून उठलेला पंखवाला मावा वाटेत उतरतो, चव घेतो आणि निघून जातो. अशा बागेत दर आठवड्याला कीटकनाशक मारण्यात पैसा घालवू नका. पपईशेजारी काकडी-दोडका लावणं टाळा, कडेनं मका किंवा जोंधळ्याच्या दोन-तीन दाट ओळी आधीच उभ्या करा, आणि रोगट झाड पहिल्या लक्षणाला काढा.

उसावरचा लोकरी मावा २००२ पासून इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या चांगला लक्षात आहे. पांढऱ्या लोकरीनं पान झाकतो, रस शोषतो, पण माळव्यातल्या या रोगांशी त्याचा संबंध नाही. ऊस शेजारी आहे म्हणून मिरचीला व्हायरस आला, हे मनातून काढून टाका.

तुडतुडे

भेंडी, वांगं, कापूस यांवरचा हिरवा तुडतुडा पानाच्या कडा पिवळ्या-तांबड्या करतो, करपवतो. त्यानं हळद्या येत नाही. वांग्याची पानं बारीक होऊन झाडाला फळच धरत नाही, तो रोग दुसऱ्या जातीच्या तुडतुड्यानं पसरतो आणि त्यामागे विषाणू नसून फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव असतो. खानापूरकडच्या भातात हिरव्या तुडतुड्यांची पिल्लं बघायची तर चुडाच्या पानांवर बघा. बुंध्याशी पाण्यालगत सापडतात ती बहुधा तपकिरी तुडतुड्यांची.

ही पिल्लं मारू नका

पांढरा कागद आपटल्यावर मित्रकिडींची पिल्लंही पडतात. नारिंगी, थेंबाच्या आकाराचं, लाल डोळ्यांचं आणि चपळ पिल्लू फुलकिड्यासारखं वाटतं, पण ते फुलकिडे खाणाऱ्या ओरियस ढेकणाचं असतं. काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी ढालकिड्याची. माव्यात लोळणारी, बिनपायांची हिरवट अळी सिरफिड माशीची. माव्याच्या वसाहतीत फुगलेले, कागदासारखे, तपकिरी मावे दिसले तर ते परजीवीनं आतून पोखरलेले आहेत. नव्या शेतकऱ्यानं चार शत्रू ओळखण्याइतकाच वेळ या चौघांना द्यावा असं मला मनापासून वाटतं. लोकरी माव्याच्या वेळीही डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच मोठी कामगिरी केली होती.

सापडल्यावर काय करायचं

पहिलं ठिकाण रोपवाटिका. लागणीच्या दिवशी ट्रेमधल्या रोपांची खालची पानं उलटा. पांढऱ्या माशीची पिल्लं दिसली तर ती रोपं घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. घरी तरू टाकत असाल तर ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचाला तितकी छिद्रं असलेली जाळी लावा. लहानपणी लागलेल्या विषाणूनं झाडाचं जितकं नुकसान होतं, तितकं फळधारणेनंतर लागलेल्यानं होत नाही, म्हणून पहिले ३०-४० दिवस आठवड्यातून दोनदा बघणं चुकवू नका. रताळ्याची गोष्ट वेगळी. उचगाव, किणये भागात वेल कापूनच लागण होते, आणि वेलाबरोबर विषाणूही येतो. पानं आकसलेल्या किंवा ठिपके पडलेल्या वेलाचं बियाणं घेऊ नका, मग त्यावर कीड दिसो वा न दिसो.

पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा, पिवळे माशी-माव्यासाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी. सापळ्यावर फक्त उडणारे अडकतात. सापळा भरलेला आणि पानाखाली पिल्लं नाहीत, तर कीड बाहेरून येतेय. तिथं कडेचं पीक, तण आणि शेजाऱ्याशी बोलणं जास्त कामाचं. सापळा रिकामा आणि पानाखाली पिल्लं भरपूर, तर आठवडाभरात झुंड उठणार. अशा वेळी पायरीप्रॉक्सिफेन किंवा स्पायरोमेसिफेनसारखी पिल्लांवर चालणारी औषधं विचारात घ्या. त्या पिकासाठी शिफारस आहे का आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे लेबलवर वाचा, आणि नोझल पानाच्या खालच्या बाजूकडे वळवून मारा. वरून मारलेलं औषध पिल्लांपर्यंत पोचत नाही. प्रत्येक फवारणीला औषधाचा गट बदला.

वाणाचाही विचार करा. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे हळद्याला दाद न देणारे म्हणून आले. आता बऱ्याच ठिकाणी तेही बळी पडतात, तरी अगदी संवेदनशील वाणापेक्षा बरे. टोमॅटोत बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छाला सहनशील आहे. आणि तंबाखू-टोमॅटोत दिसणारा एक मोझॅक किडीनं पसरतच नाही, तो हातानं, कपड्यानं, खुडणीच्या नखानं पसरतो. तंबाखू मळून तोच हात टोमॅटोच्या रोपांना लावू नका, आधी साबणानं धुवा.

तरीही ओळख पटली नाही तर नमुना घेऊन जा. पिल्लं असलेली चार-पाच पानं खालची बाजू वर करून कोरड्या कागदात गुंडाळा आणि पिशवीत भरा. पाणी शिंपडू नका, पान कुजतं. फुलकिडे आणि मावा बारीक ब्रशनं टिपून छोट्या बाटलीत मेडिकलच्या स्पिरिटमध्ये टाका. पांढऱ्या माशीची पिल्लं पानासकटच न्या, खरवडून काढलीत तर ओळखता येत नाहीत. चिठ्ठीवर पीक, वाण, लागणीची तारीख, शेजारचं पीक, शेवटची फवारणी आणि पिल्लं झाडाच्या कोणत्या थरावर होती ते लिहा. जवळच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा, नाहीतर मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात. धारवाडचं कृषी विद्यापीठही फार लांब नाही. आठवड्याच्या सुरुवातीला जा, म्हणजे नमुना सुट्टीत पडून राहणार नाही.